पोरगा तीनशेला मरतो, त्याचं काय करायचं?

तालुक्याच्या शाळेतल्या एका पीटीच्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा: 'माझा एक विद्यार्थी, जन्म २००९ चा. ४०० मीटर ४८.९ पळतो, मातीवर, माझ्या हातातल्या घड्याळावर. नुसते २०० मीटर २२.६. मोबाइलवर वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेच्या फायनल बघत बसतो आणि त्यातल्या पोरांसारखा सुरुवातीलाच सुटतो. पहिले दोनशे २२.८ ला जातो, तीनशेला पाय भरतात, मग ढकलल्यासारखा येतो. त्याला काय शिकवू? आणि ज्युनियर वर्ल्डचं, म्हणजे त्याच स्पर्धेचं, नाव त्याच्यापुढे काढू का नको?'

सर, आधी घड्याळ आणि फक्कीचं बघू. हातघड्याळाचं ४०० चं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी ताडताना ०.१४ सेकंद वाढवून धरतात (शंभर-दोनशेला ०.२४). म्हणजे ४८.९ चे झाले ४९.०४. आता ग्राउंड कुणी आणि कसं आखलंय ते विचारा. आतल्या बाजूला कठडा नसेल, नुसती फक्कीची रेष असेल, तर अंतर रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजायचं असतं. कठडा असेल तर ३०. आपल्याकडे बरेच जण टेप लेनच्या मधोमध धरतात. पोरगा मात्र पळतो रेषेला चिकटून. अशा ग्राउंडवर तो एका फेरीत अडीच मीटर कमी पळतो, म्हणजे जवळजवळ ०.३ सेकंद फुकटचे मिळतात. आणि ग्राउंड दोनशेचं असेल तर दोन फेऱ्या, चार वळणं. तिथलं टायमिंग तर कशाशीच जोडू नका. एकदा त्याला बालेवाडीला किंवा तुमच्या जवळच्या सिंथेटिक ट्रॅकवर न्या आणि खरा आकडा काय येतो ते कळू द्या. मातीवरून सिंथेटिकवर गेल्यावर थोडं सुधारतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

सतराव्या वर्षी मातीवर ४९ म्हणजे अंगात काहीतरी आहे. पण तो जे बघतोय ते किती लांब आहे तेही त्याला माहीत हवं. २०१८ च्या ज्युनियर वर्ल्डला, फिनलंडमधल्या टाम्पेरेला, बेल्जियमच्या जोनाथन साकूरने ४०० मीटर ४५.०३ ला जिंकली. जमैकाचा ख्रिस्तोफर टेलर ४५.३८ ला दुसरा आणि चँट्झ सॉयर्स ४५.८९ ला तिसरा. साकूर रेषेवर पोचला त्या क्षणी तुमचा पोरगा तीस मीटरपेक्षा जास्त मागे असता. हे त्याला नाउमेद करायला सांगू नका, अंतर समजावं म्हणून सांगा. मी स्वतः माझ्या उमेदीत यापेक्षा फार पुढे नव्हतो.

फायनल बघणं बंद करू नका, कशी बघायची ते शिकवा. ४०० मीटर ही टीव्हीवर सगळ्यात फसवी दिसणारी शर्यत आहे. लेन १.२२ मीटर रुंद असते. पूर्ण फेरी आपापल्या लेनमध्ये पळायची म्हणून बाहेरचे पुढे उभे राहतात. दुसऱ्या लेनचा पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढे, तिथून प्रत्येक लेनला आणखी ७.६७ च्या आसपास, असं करत आठव्या लेनचा ५३ मीटर पुढे. यातला अर्धा फरक पहिल्या वळणावर मिटतो आणि उरलेला अर्धा दुसऱ्या वळणावर. मधल्या, पलीकडच्या सरळ पट्ट्यावर आठव्या लेनचा पोरगा पहिल्या लेनवाल्याच्या सव्वीस-सत्तावीस मीटर पुढे दिसला तर दोघं बरोबरीत आहेत. कॉमेंट्रीवाले तिथेच 'काय सुटलाय बघा' म्हणून ओरडतात आणि घरी बसलेल्या पोराला वाटतं, जिंकायचं तर असं सुटलं पाहिजे. खरा क्रम दिसतो तो दुसरं वळण संपून शेवटच्या सरळ पट्ट्यात येताना. तोवर बघायचं असेल तर एकच पोरगा धरा आणि त्याच्या शेजारच्या आतल्या-बाहेरच्या दोन लेन बघा. दोघांमधलं अंतर खाल्लं जातंय की वाढतंय, एवढंच बघा.

टाम्पेरेच्याच स्पर्धेतली मुलींची फायनल त्याने नक्की बघितली असेल, १२ जुलैची, हिमा दासची. शेवटचं वळण संपताना हिमा पुढे नव्हती. सरळ पट्ट्यात एकेकीला गाठत ५१.४६ ला जिंकली. आपण सगळे म्हणालो, 'शेवटी काय वेग वाढवला!' सर, ४०० मीटरच्या शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये वेग कुणीही वाढवत नाही. सगळ्यांचाच उतरत असतो. हिमाचा कमी उतरला. रेल्वे स्टेशनात थांबत असताना शेजारच्या रुळावरची गाडी तेवढीच सावकाश चाललेली असते, तरी आपल्याला ती धावल्यासारखी वाटते, तसंच. हे एक वाक्य पोराच्या डोक्यात शिरलं तर अर्धं काम झालं: एका फेरीत जिंकतो तो, ज्याचा वेग सगळ्यात कमी घसरतो.

आता आकडे. रिओ २०१६ च्या ऑलिम्पिकला दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क ४०० मीटर ४३.०३ ला पळाला, तोही आठव्या लेनमधून, जिथून मागचं कुणीच दिसत नाही. त्याचे शंभराचे तुकडे साधारण १०.७, ९.८, १०.५ आणि १२.० असे होते. म्हणजे पहिले दोनशे २०.५, दुसरे २२.५. सतरा वर्षं आधी, १९९९ ला सेव्हिलमध्ये अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनने ४३.१८ चा विक्रम केला तेव्हा पहिले दोनशे २१.२२ आणि दुसरे २१.९६. एक जवळजवळ सुटलेला, दुसरा राखून पळालेला, आणि दोघांत फरक पंधरा शतांशांचा. तेव्हा अमुक एकच पद्धत बरोबर असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे आणि तुमच्या पोराला तीच लागू पडते. रिओच्या आधी व्हॅन निकर्कची २०० ची सर्वोत्तम वेळ १९.९४ होती. ४०० मध्ये पहिले दोनशे तो २०.५ ला गेला, म्हणजे इतका 'सुटलेला' माणूसही आपल्या ताकदीपेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त राखून होता. जॉन्सनची २०० ची वेळ १९.३२; तो तर जवळजवळ दोन सेकंद राखून गेला. तुमचा पोरगा २२.६ चा, आणि जातो २२.८ ला. दोन दशांश! जगात सगळ्यात वेगाने एक फेरी मारणाऱ्या माणसापेक्षा तो जास्त धाडस करतोय. मग उरलेले दोनशे २६.१ ला येतो आणि म्हणतो, माझा दम कमी पडला. त्याचा दम ठीक आहे, हिशोब कच्चा आहे.

सध्या त्याला पहिले दोनशे २३.५ ला पाठवा. २३.४ चालेल, २३.२ नाही. मग दुसरे दोनशे २५ च्या आत-बाहेर येतील आणि काही न वाढवता, नुसत्या वाटणीवर ४८.५ च्या आसपास दिसेल. मी हे बऱ्याच पोरांवर केलंय आणि दर वेळी पहिल्या प्रयत्नात पोरगं रडवेलं होतं, 'सर, सगळे पुढे गेले हो!' जाऊ द्या म्हणावं. तीनशेला भेटतील.

मिल्खासिंगांच्या गोष्टीने आपल्याकडे थोडा घोळ केलाय, हे माझं मत. १९६० च्या रोममध्ये ते ४५.७३ ला चौथे आले आणि मधे जरा वेग आवरला म्हणून पदक गेलं, असं त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं. गोष्ट खरी, हुरहुर लावणारीही. पण तिचा अर्थ दोन पिढ्यांतल्या पीटीच्या सरांनी 'आवरायचंच नाही, जीव खाऊन पळायचं' असा लावला. मिल्खासिंग सुरुवातीलाच फार वेगाने गेले होते, म्हणून त्यांना आवरावंसं वाटलं. चूक तिथून सुरू झाली. बरोबर वेगाने निघालेल्याला मधे आवरावं लागत नाही.

तीनशेला नेमकं काय होतं ते पोराला सोप्या भाषेत सांगा, म्हणजे तो घाबरणार नाही. पहिल्या सहा-सात सेकंदांचं इंधन स्नायूंत तयारच असतं. ते संपत आलं की स्नायू साखर जाळतात, पण एवढ्या वेगात पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, आणि त्यातून आम्लता वाढत जाते. पोरं म्हणतात 'लॅक्टिक भरलं'. खरं तर दोष एकट्या लॅक्टिकचा नाही, पण मैदानावर हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की ४०० मीटर ही नुसती स्प्रिंट नाही. हिच्यातली सुमारे चाळीस टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते. म्हणून पावसाळ्यात ग्राउंड चिखल झालं की टेकडी धरा, सावकाश चाळीस मिनिटं पळवा. शंभर-दोनशेवाली पोरं याला नाक मुरडतात, तुमचाही मुरडेल.

शेवटच्या शंभरात बघा: खांदे कानापर्यंत येतात, मुठी आवळतात, हात छातीसमोरून आडवे जायला लागतात, मान मागे जाते. पाऊल जमिनीवर जास्त वेळ चिकटून राहतं. तेव्हा कडेने 'पळ, पळ!' ओरडलं तर तो आणखी आवळतो. (पालकांना कडेपासून लांब बसवा, हा अनुभवाचा सल्ला.) माझे दोनच शब्द ठरलेले असतात: 'खांदे' आणि 'हात'. खांदे सोड, हात मागे मार. हे सरावात, पाय भरलेले असताना शिकवायचं. ताज्या पायांनी शिकवून उपयोग शून्य.

वळण आणि लेन यावर तालुका पातळीवर कुणी बोलतच नाही, म्हणून जरा सांगतो. पहिल्या लेनमध्ये माणूस ३६.८० मीटर त्रिज्येच्या वळणावर पळतो, आठव्यात सव्वापंचेचाळीस मीटरच्या. त्याच वेगाला आतल्या लेनमध्ये बाजूची ओढ जवळजवळ पावपट जास्त सोसावी लागते. उंच पोरांना हे फार जाणवतं. म्हणूनच मोठ्या स्पर्धेत सेमीनंतर चांगल्या टायमिंगवाल्यांना मधल्या लेन देतात. आता ४०० ला ४ ते ७, मग ३ आणि ८, आणि सगळ्यात शेवटी १ आणि २. जिल्ह्याला चिठ्ठ्या टाकतात, तेव्हा तुमच्या पोराला कधीतरी पहिली लेन मिळणारच. तिची सवय करा: सरावात आठवड्यातून एकदा पहिल्या लेनमधून आणि एकदा आठव्या लेनमधून पळवा. आठव्यात शेजारी कुणी दिसत नाही, डोक्यातल्या घड्याळावर पळावं लागतं, आणि त्याला नेमकी तीच शिकवण हवी आहे. सुरुवातीला पाय टेकवायचे ब्लॉक लावताना लेनच्या मधोमध सरळ लावू नका. बाहेरच्या कडेला सरकवून, आतल्या रेषेला स्पर्श करेल अशा तिरक्या दिशेला लावा, म्हणजे पहिली काही पावलं सरळ रेषेत पडतात. नशिबाला दोष देण्याआधी हे करून बघा, मग बोलू.

वारा! शंभर-दोनशेला वारा मोजतात, ४०० ला मोजतच नाहीत, कारण फेरीत तो दोन्हीकडून लागतो. पण पलीकडच्या सरळ पट्ट्यावर समोरून वारा असेल तर २३.५ चा हट्ट सोडा, २३.७ ला जाऊ द्या. तोच वारा शेवटच्या शंभराला पाठीशी मिळेल. हे त्याने स्वतः झेंड्याकडे बघून ठरवायला शिकलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीमुळे आपली पोरं तिथवर पोचूनही मागे पडतात, ती. ज्युनियर वर्ल्डची फायनल ही त्या आठवड्यातली तिसरी फेरी असते. हीट, सेमी, फायनल, तीन-चार दिवसांत. फायनलमधला पोरगा मोबाइलवर ताजा दिसतो, पण त्याच्या पायात आधीच्या दोन शर्यती असतात. हीटमध्ये चांगली पोरं शेवटच्या तीस मीटरमध्ये मान वळवून बघत, नंबर पक्का करून सोडून देतात. आपली पोरं निवडचाचणीत टायमिंग काढण्यासाठी एवढी पिळून निघालेली असतात की त्यांना हीटमध्ये 'पुरेसं' पळता येतच नाही. सगळं ओततात आणि सेमीला रिकामी. गंमत म्हणजे आपल्या शालेय स्पर्धेत हीट आणि फायनल एकाच दिवशी, कधी दोन तासांच्या अंतराने असते. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकापेक्षा ते कठीण आहे. त्याचा फायदा घ्या. जिल्ह्याच्या हीटमध्ये त्याला बजावा: पहिल्या दोनात यायचं, तिसऱ्यापेक्षा पाच मीटर पुढे असलास की सोड, आणि टायमिंग बघितलंस तर मी बोलणार नाही. मधल्या दोन तासांत बसवून ठेवू नका. दहा मिनिटं चालणं, पाणी, केळं, गूळ-शेंगदाणे, सावली. फायनलच्या पाऊण तास आधी पुन्हा वॉर्मअप, पण निम्मा.

टायमिंगची तुलना करतानाही जपून. २०२१ ला नैरोबीत बोट्स्वानाचा अँथनी पेसेला ४४.५८ ला जिंकला. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, हवा विरळ, एका फेरीला ती मदतच करते. टाम्पेरे जवळजवळ सपाटीवर. ४४.५८ आणि ४५.०३ यांत कोण भारी, हा कट्ट्यावरचा विषय झाला.

सरावाचं सांगतो, पण हे औषधाच्या चिठ्ठीसारखं जसंच्या तसं वापरू नका. सतरा वर्षांच्या पोराला पाय भरणारा, जीव काढणारा सराव आठवड्यातून एकदाच. स्पर्धेच्या आधीच्या सहा आठवड्यांत फार तर आठवड्यातून दोनदा. तो असा: तीनदा तीनशे, मधे दहा-बारा मिनिटं विश्रांती, प्रत्येक ३७ ते ३८ ला, आणि तिसरा पहिल्याइतकाच आला पाहिजे. पहिला ३५.५ आणि तिसरा ४१ आला तर तो सराव फसला. दुसऱ्या दिवशी सावकाश. एक दिवस सहा वेळा दोनशे, २७ ला, तीन मिनिटं विश्रांती. यात फक्त वेगाची ओळख होते, कुणी मरत नाही. एक दिवस निव्वळ वेग: वीस मीटर धाव घेऊन तीस मीटर पूर्ण जोरात, चार-पाच वेळा, पूर्ण विश्रांती देऊन. शेवटी २०० ची वेळ २२.६ ची २१.८ झाल्याशिवाय ४०० मध्ये ४७ दिसणार नाही, कितीही तीनशे मारा. वेग हा पगार आहे, दम ही बचत. पगारच कमी असेल तर काटकसरीने किती जमवणार?

डोळ्यांवर पट्टी बांधून तीनशेचे सेट मारण्याची चूक मी केलेली आहे. माझ्याकडे एक पोरगा होता, सोळाव्या वर्षी ४८.३. मला वाटलं, हाच. आठवड्यातून तीन दिवस पाय भरणारा सराव, रविवारी स्पर्धा, रात्रीच्या एसटीने प्रवास, सकाळी शर्यत. चार महिन्यांत ४७.९ ला आला आणि पाचव्या महिन्यात मांडीच्या मागचा स्नायू फाटला. बरा झाला, पुन्हा फाटला. आता नोकरी करतो, भेटला की मुद्दाम लंगडून दाखवतो आणि हसतो. मला हसू येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ज्युनियर वर्ल्डचं नाव काढावं का? काढा, पण जिंकणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही सांगा. अमेरिकेचा लाशॉन मेरिट २००४ ला इटलीतल्या ग्रोसेटोत ४५.२५ ला जिंकला, चार वर्षांनी बीजिंगमध्ये ४३.७५ ला ऑलिम्पिक सुवर्ण. ग्रेनाडाचा किरानी जेम्स २०१० ला मंक्टनमध्ये ४५.८९ ला जिंकला. आकडा मोठा नव्हता, तो अजून अठराचाही नव्हता. पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला आणि २०१२ ला लंडनचं सुवर्ण, ४३.९४. उलट ओबेआ मूर सोळाव्या वर्षी ४५.१४ पळाला होता, १९९६ ला सिडनीत ज्युनियरचं सुवर्ण ४५.२७ ला घेतलं, आणि पुढे मोठ्यांच्यात तशी झेप जमलीच नाही. आणि स्टीव्ह लुईस? त्याने तर १९८८ ला सोलच्या ऑलिम्पिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी ४३.८७ ला सुवर्ण घेतलं. ज्युनियर विक्रम म्हणून तो आकडा अजून उभा आहे. यातून नियम निघत नाही. एवढंच कळतं की त्या वयातलं पदक म्हणजे पुढची हमी नाही.

आणि वयाची गोष्ट. ही मी मुद्दाम काढतो, कारण तुमच्यापर्यंत 'दाखल्यावर एक वर्ष कमी करू' म्हणणारा कुणीतरी येणारच. २०१२ ला बार्सिलोनात डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा लुगेलिन सांतोस ४४.८५ ला ज्युनियर जगज्जेता झाला, आणि काही आठवड्यांत लंडनला ऑलिम्पिक रौप्य. नंतर उघड झालं की जन्मवर्ष एकाने पुढे ओढलेलं होतं, त्या वर्षी तो ज्युनियर नव्हताच. २०२३ ला तीन वर्षांची बंदी आली आणि ज्युनियरचं सुवर्ण गेलं. जो माणूस खऱ्या वयावरही ऑलिम्पिक रौप्य घेऊ शकत होता, त्याच्या नावापुढे आता आधी हे येतं. एका वर्षासाठी! दाखल्याला हात लावू देऊ नका. डब्यातल्या ताकदीच्या पावडरींचंही तेच. त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि लघवीचा नमुना ज्युनियरचाही घेतात.

नियम असा की स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १६ ते १९ असावं. २००९ चा जन्म म्हणजे २०२६ ला, अमेरिकेत यूजीनला होणाऱ्या स्पर्धेत, तो बसतो आणि २०२८ लाही. २०२६ विसरा. ४९ वरून वर्षभरात तिथे नेण्याच्या नादात त्याला माझ्या लंगड्या पोरासारखा कराल. २०२८ ला तो एकोणीसचा असेल. तेव्हा ४६ च्या घरात असला तर बोलण्यासारखं आहे.

तेव्हाही दार बहुधा रिलेचं असेल. पुरुषांच्या एकेरी ४०० मध्ये या स्पर्धेत आपल्याला अजून पदक नाही. पण ४ बाय ४०० च्या मिश्र रिलेत (दोन मुलं, दोन मुली) आहे: २०२१ ला नैरोबीत कांस्य, ३:२०.६०, आणि पुढच्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात रौप्य, ३:१७.७६, अमेरिकेपेक्षा फक्त सात शतांश मागे. भरत श्रीधर आणि कपिल ही मुलं दोन्ही संघांत होती. रिलेला देशातला पहिला नंबर लागत नाही, पहिल्या चार-पाचात असावं लागतं. शिवाय दंडा हातात असला की आपली पोरं शहाण्यासारखी पळतात. एकटी असली की वेड्यासारखी. का ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या शाळेत चार पोरं नसतील तर शेजारच्या शाळेतली दोन घ्या, पण महिन्यातून एकदा त्याला ४ बाय ४०० पळवा, आणि दर वेळी वेगळ्या नंबरवर.

आता पुढच्या रविवारी एवढंच करा. तुम्ही फिनिशला उभे राहू नका. तिथलं घड्याळ दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुम्ही आपलं घड्याळ घेऊन पलीकडे दोनशेच्या खुणेवर जा. त्याच्या लेनची दोनशेची खूण आधी टेपने मोजून फक्की मारून ठेवा, पहिल्या लेनची नव्हे. तो समोरून गेला की वेळ मोठ्याने सांगा: 'तेवीस पाच.' बाकी काही बोलू नका. चार रविवार हे करा, पाचव्या रविवारी सांगण्याआधी त्यालाच विचारा, किती झाले? त्याने सांगितलेला आकडा आणि तुमच्या घड्याळातला आकडा दोन दशांशांच्या आत आले की मला कळवा, मग पुढचे दोनशे कसे बांधायचे ते लिहितो.